कोणासाठी बनवलं

होळीला दिपकच्या लेकराची धुंड, पहिल्या होळीचा विधी, झाली, सगळ्या तांड्याचं जेवण झालं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी मोतीबाईनं आपली सागवानी पेटी अंगणात आणायला सांगितली. पाडव्यानंतर जुनं घर पाडायचं होतं. नव्या स्लॅबच्या घरात पेटीला जागा नव्हती, आणि पेटीतल्या वस्तूंसाठी निलम दोन वर्षं आजीच्या मागं लागली होती.

निलम ही मोतीबाईच्या मुलाची, हरिचंदची, थोरली लेक. हिंगोलीला बी.कॉम. करून आली, चार ठिकाणी अर्ज केले, कुठंच काही जमलं नाही. तेव्हा घरात पडून असलेली एक वस्तू, बैलाच्या शिंगांवर चढवायची कशिद्याची खोळ, तिनं गंमत म्हणून ऑनलाइन बाजारात विकायला ठेवली. जयपूरच्या कुणीतरी ती आठवड्याभरात मागवली. तेव्हापासून ती सेनगाव तालुक्यातले तांडे फिरून जुन्या पिशव्या, घागरमाळा, कवड्यांच्या पट्ट्या गोळा करायची, त्यांचे फोटो काढायची आणि ॲपवर चढवायची. त्या बाजारात वस्तू आधी शब्दांनी सापडते, मग डोळ्यांना दिसते, एवढं ती लवकर शिकली होती. एक पिशवी तिनं सुरुवातीला नुसती ‘जुनी पिशवी’ म्हणून टाकली होती. पाच महिने तिच्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग तिनं प्रकार बदलला, खाली टॅग दिले, विंटेज, बंजारा, कवड्या, हातशिलाई, आणि चार दिवसांत ती गेली.

दिपक, हरिचंदचा धाकटा भाऊ, पुण्याहून धुंडीसाठी आला होता आणि अजून दोन दिवस राहणार होता. त्याला हे काम आवडलं. त्यानं लिंबाच्या सावलीत बाज टाकली, तिच्यावर पांढरी चादर अंथरली आणि पुतणीच्या हाताखाली फोटो काढायला उभा राहिला. हरिचंद पहाटेच शेतात गेला होता. हळद शिजवायचं चाललं होतं, कढईपाशी त्याच्याशिवाय चालत नव्हतं.

मोतीबाई पेटीजवळ पाय पसरून बसली. एकेक वस्तू ती आधी स्वतः हातात घ्यायची, झटकायची, मगच चादरीवर ठेवू द्यायची. निलम प्रत्येक वस्तूला तेच प्रश्न विचारायची, कारण ॲपमध्ये तेवढे रकाने भरल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं. काय आहे, कोणी बनवलं, कधी बनवलं, कशासाठी बनवलं, वापरलेलं की न वापरलेलं. मोतीबाईला आयुष्यात एवढं कुणी कधी विचारलं नव्हतं. तिनं सांगितलं, ही कोथळी सगाईत सुपारी ठेवायची, माझ्या सासूनं केलेली. ही डोक्यावर घागर ठेवायची चुंबळ, हिच्या कवड्या माझ्या आजीच्या वेळच्या, तवा तांडा एका जागी राहत नव्हता, बैलांवर मीठ घालून फिरायचा.

चुंबळ कोणत्या प्रकारात घालायची यावर काका-पुतणीचं थोडं वाजलं. दिपकचं म्हणणं, ‘भिंतीवरची सजावट’ मध्ये टाक, पुण्यात असल्या वस्तू लोक भिंतीला लावतात. निलमचं म्हणणं, भिंतीला लावली तरी ती डोक्यावरची वस्तू आहे, आणि जाणकार गिऱ्हाईक तिथंच शोधतं. मोतीबाईनं दोघांचं ऐकून घेतलं आणि विचारलं की घागर कुठं ठेवायची असा रकाना न्हाई का. निलम हसली. मग तिनं वर्णनात तेच लिहिलं, डोक्यावर घागर ठेवण्यासाठी.

पेटीच्या तळाशी जुन्या धोतरात बांधलेलं एक गाठोडं होतं. मोतीबाईनं ते वर काढलं, मांडीवर घेतलं आणि गाठ सोडायला लागली. गाठ सुटेना. दिपक पुढं झाला तर तिनं त्याचा हात बाजूला केला.

आत लाल फेटिया होता. घागऱ्यासारखा घेराचा, कमरेच्या पट्ट्यावर आरशांची ओळ, खाली पिवळ्या-निळ्या दोऱ्याचा इतका बारीक कशिदा की निलमनं तोंड जवळ नेऊन पाहिलं. त्याच्यासोबत चोळीसारखी काचळी आणि डोक्यावर घ्यायची टुकरी. तिन्ही कपडे ज्या घड्यांत ठेवले होते त्याच घड्यांत होते. काचळीची एक बाही जोडायची राहिली होती, सुई टोचलेला दोरा तसाच लोंबत होता.

दोन वर्षांत निलमच्या हाताखालून पन्नासेक फेटिये गेले होते, पण असा एकही नव्हता. दिपकनं तिथंच सांगून टाकलं की एवढा मोठा फेटिया कुणी अंगात घालायला घेणार नाही, पण कापून त्याच्या आठ-दहा कुशनच्या खोळी निघतील आणि त्या हातोहात जातील. मोतीबाईनं कापडावर दोन्ही हात ठेवले. निलम घाईनं म्हणाली की कापायचं कुणी म्हणत नाही, काका नुसतं बोलून राहिले.

मग तिनं मोबाइल घेतला आणि रकाने भरायला लागली.

कोणी बनवलं, तर मोतीबाईनं. कधी, ते मोतीबाईला सालात सांगता येईना, दिपक सातवीला होता तवा. दिपकनं हिशेब करून सांगितलं, सत्त्याण्णव. म्हणजे वीस वर्षांच्या वरचं, विंटेज म्हणून चालणार होतं. अवस्था, न वापरलेलं.

“कोणासाठी बनवलं?” निलमनं विचारलं.

मोतीबाई म्हणाली, पुढचं विचार.

पुढचं काही नव्हतं. निलमला वाटलं आपल्याला कळलं. घरात सकरी नावाची एक आत्या होती, पप्पांच्या पाठची, आणि ती गेली, एवढं तिला लहानपणापासून माहीत होतं. फोटो नव्हता. कुणी तिच्याविषयी बोलत नसे, आणि ज्या घरातलं तरुण माणूस जातं ते घर बोलत नाही हेही तिला माहीत होतं. तिनं आवाज खाली आणून विचारलं, “आत्या वारली तेव्हा किती वर्षांची होती, आजी?”

मोतीबाईनं तिच्याकडं पाहिलं. “कोण वारली?”

“सकरी आत्या.”

“गेली म्हणलं,” मोतीबाई म्हणाली. “मेली कुणी म्हणलं तुला?”

निलमनं काकाकडं पाहिलं. दिपक चादरीची सुरकुती सरळ करत होता.

*

मोतीबाईनं त्या दुपारी लेकीचं नाव सत्तावीस वर्षांनी तोंडातून काढलं. नाव बाहेर पडलं आणि तिला वाटलं तसं काहीच झालं नाही. लिंबाची पानं पडत होती ती पडत राहिली, शेजारची कोंबडी ओरडत होती ती ओरडत राहिली.

तिनं सांगितलं. सकरीची सगाई झाली होती, वाशीमकडच्या तांड्यावर दिली होती. फेटिया करायला मोतीबाईला दोन हिवाळे लागले. हळद न्यायला टेम्पो यायचा, त्याचा ड्रायव्हर कळमनुरीकडचा, जातीबाहेरचा. एके दिवशी सकरी शेतातून घरी आली नाही. दोन दिवसांनी कळलं की तिनं त्याच्याशी लग्न केलं. रूपसिंगनं, मोतीबाईच्या नवऱ्यानं, तांड्याच्या नायकासमोर बसून सांगितलं की आपल्याला लेक नाही, आणि या घरात जो तिचं नाव काढील त्याला घराबाहेर काढावं. दिपक लहान होता. त्याला शिकवलं की कुणी विचारलं तर सांगायचं, गेली. निलमचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

“तिनं मला कडेवर घेऊन पूर्ण तांडा फिरवलाय,” दिपक म्हणाला. एवढंच म्हणाला आणि परत चादरीकडं पाहायला लागला.

मोतीबाईला आता थांबवत नव्हतं. तिनं निलमला विचारलं की हे मोबाइलवर टाकलेलं कुठं कुठं दिसतं. निलम म्हणाली, सगळीकडं. हैदराबादला दिसतं का? दिसतं. मुंबईला? दिसतं. इतकी वर्षं मोतीबाईनं मनातल्या मनात सकरीला कधी हैदराबादला ठेवलं होतं, कधी मुंबईला, कारण पळून गेलेली माणसं तिकडंच जातात असं तिनं ऐकलं होतं. थंडी पडली की तिला वाटायचं, तिकडं थंडी असेल का. कुणाची लेक माहेरपणाला आली की ती पाणी आणायच्या निमित्तानं घराबाहेर पडायची.

“मग लिही,” ती म्हणाली. “सकरीसाठी केलं म्हणून लिही. माझं नाव लिही, तांड्याचं लिही. ती बघल तर वळखल.”

निलमला ठाऊक होतं की त्या बाजारात माणसं नावं शोधत नाहीत. ती ‘बोहो’ फॅशन शोधतात, कुशन शोधतात, लाल रंग शोधतात. पण आजीच्या तोंडाकडं पाहून तिला ते सांगता आलं नाही. टॅगला जागा तेराच होत्या. तिनं आधी भरलेले विकाऊ शब्द एकेक करून पुसले आणि त्या जागी सकरी लिहिलं, मोतीबाई लिहिलं, रूपसिंग राठोड लिहिलं, पुसेगाव, तांडा, लग्नाचा फेटिया, एक बाही राहिलेली. मोतीबाई प्रत्येक शब्द वाचून दाखवायला सांगत होती. ‘एक बाही राहिलेली’ हे तिनं दोनदा वाचून घेतलं. हे विकायचं न्हाई पण, ती मधेच म्हणाली, नुसतं दिसू दे. निलमनं समजावलं की तिथं नुसतं दाखवता येत नाही, विकायलाच ठेवावं लागतं. मग कुणी मागितलं तर न्हाई म्हण, मोतीबाई म्हणाली, आणि निलमनं ते मान्य केलं.

शेवटचं बटण दाबायचं तेवढं राहिलं. पप्पांना सांगून टाकू, असं निलम म्हणाली. घरातल्या नावाची गोष्ट होती.

*

हरिचंद चारच्या सुमाराला आला. हात कोपरापर्यंत पिवळे, डोळे वाफेनं लाल. बाजेवर लाल कापड पसरलेलं पाहून तो फाटकातच थांबला. त्यानं तो फेटिया ओळखला. आई तो शिवायची तेव्हा सुईत दोरा ओवून द्यायचं काम त्याचं होतं, सुईच्या नेढ्याला तिची नजर तेव्हाही पुरत नसे.

निलमनं वाचून दाखवलं. तिला वाटलं होतं पप्पा गप्प बसतील, फार तर उठून जातील. हरिचंदनं सगळं शेवटपर्यंत ऐकलं आणि सांगितलं, नाव पुसून टाक.

मग वाद झाला. हरिचंद म्हणत होता की तांड्यात प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे, नायकाच्या घरातली पोरं त्या ॲपवरून बूट मागवतात, उद्या चावडीवर बोलणं होईल. बापूनं एकदा नायकासमोर शब्द दिलाय. विकायचं तर विका, पाहिजे तर कापून विका, पण नाव नको. दिपक सकाळपासून विकण्याच्याच बाजूनं होता, तो आता उठून आईच्या शेजारी जाऊन बसला. बापूला जाऊन सात वर्षं झाली, तो नायकबी गेला, आता शब्द कुणाचा राहिला, असं तो म्हणाला. हरिचंद म्हणाला की तू पुण्याला राहतोस, तुला इथं तोंड दाखवायचं नाही. निलमची आई दारात येऊन उभी राहिली होती. ती नवऱ्याच्या बाजूनं बोलेल असं निलमला वाटलं. ती पुढं आली, बाजेवरचा फेटिया तिनं घडी घालून उचलला आणि सासूच्या मांडीवर ठेवला.

हरिचंदच्या मनात राग नव्हता. त्याला भीती वाटत होती. नाव त्या मोबाइलमध्ये गेलं की ते कुठं पोचेल हे त्याला या सगळ्यांपेक्षा जास्त माहीत होतं.

“हरिचंद,” मोतीबाई म्हणाली, “तिला एकदा बघावं म्हणून मी राहिले. न्हाईतर तुझ्या बापूसंगंच गेले असते. तू नाव काहून पुसायला लावतो?”

त्यानं हात धुवायला बादलीतून तांब्या भरून घेतला, आणि न धुताच खाली ठेवला.

“तिला मोबाइलवर कशाला शोधता,” तो म्हणाला. “ती नरसीला हाय.”

कुणालाच पहिल्यांदा कळलं नाही. मोतीबाईनं विचारलं, “कोणती नरसी?”

“हीच. नामदेवाची.”

पुसेगावहून हिंगोलीला जाताना नरसी लागतेच. तांड्यावरून अर्ध्या तासाची वाट.

हरिचंद जमिनीवर बसला आणि सांगायला लागला. अकरा वर्षांपूर्वी तो सोयाबीन घेऊन नांदेडला चालला होता. टेम्पो वारंगा फाट्यावर चहाला थांबला. तो टपरीकडं पाठ करून उभा होता, आणि मागून कुणीतरी ‘भिया’, भाऊ, म्हणून हाक मारली. टपरी सकरीची आणि तिच्या नवऱ्याचीच होती. साडी नेसलेली, हातात काचेच्या बांगड्या, वाळलेली. तिनं त्याला चहा दिला, बसायला खुर्ची दिली. घरातल्या एकेकाचं विचारलं. मग म्हणाली, मी एकदा येऊन जाऊ का. हरिचंदनं सांगितलं, बापू जिवंत आहे तोवर नको.

“एवढंच बोललास?” दिपकनं विचारलं.

हरिचंदनं पिवळे हात गुडघ्यांवर पुसले.

“तिनं विचारलं, याडी माझं नाव काढती का? मी म्हणलं, न्हाई. एकदाबी न्हाई.” त्यानं याडीकडं, आईकडं, पाहिलं नाही. “खोटं न्हवतं ते. पण मी कशाचं काय सांगून राहिलो ते मला तवा बी कळत हुतं. तिनं मग काही विचारलं न्हाई. चहाचे पैसे बी घेतले न्हाई.”

पुढं रस्ता रुंद झाला तशी फाट्यावरची ती टपरी गेली. मागच्या पावसाळ्याआधी तो एका लग्नाच्या कामानं नरसीला गेला, तर देवळाच्या मागच्या गल्लीत ती नारळ-प्रसादाच्या दुकानात बसलेली दिसली. नवरा वारला होता, ते त्याला गल्लीच्या तोंडावरच्या पानवाल्याकडून कळलं. तिच्यापर्यंत तो गेला नाही. तिथूनच परत फिरला.

दिपकनं विचारलं की बापू गेल्यावर तरी का सांगितलं नाही. हरिचंद म्हणाला की दहाव्याला सांगणार होतो. मग वर्षश्राद्धाला सांगू म्हटलं. मग सांगायचं म्हटलं की आधी इतके दिवस का नाही सांगितलं, ते आधी सांगावं लागलं असतं. दर वर्षी ते वाढत गेलं.

आणि दिवाळीनंतर याडीच्या डोळ्याचं ऑपरेशन करून हिंगोलीहून येताना बस नरसीला दहा मिनिटं उभी होती, हेही त्यानं सांगितलं. हे कुणी विचारलं नव्हतं. तिच्या डोळ्याला पट्टी होती. ती म्हणाली होती, कोणतं गाव आलं. त्यानं सांगितलं होतं, पुढं आहे अजून आपलं.

निलमला वाटलं आजी आता आकांत करेल. मोतीबाई फेटियाच्या घडीवरून हात फिरवत बसली होती. मग तिनं विचारलं, “केस पिकले का तिचे?”

“थोडे. हितं,” हरिचंदनं आपल्या कानशिलापाशी बोट लावलं.

“तुला एकट्याला कशाला बोलू,” मोतीबाई म्हणाली. “नायकासमोर तुझा बाप बोलला, मग नायकानं मला विचारलं, तुझं काय म्हणणं हाय. मी मान हलवली. ते मी कुणाला सांगितलं न्हाई. तू तवा बाहेर उभा हुता.”

निलमनं मोबाइल उघडला. भरलेले रकाने तसेच होते. तिनं ते सगळे पुसले आणि मोबाइल पालथा करून ठेवला.

*

दुसऱ्या दिवशी दिपकनं गाडी काढली. मोतीबाईनं आपला रोजचाच फेटिया नेसला, दंडापर्यंतच्या बांगड्या पाण्यानं धुतल्या. निलमनं विचारलं, ते लग्नाचे कपडे सोबत घ्यायचे का. मोतीबाई म्हणाली, कशाला, ती काय आता नवरी हाय. ते पेटीतच राहू दे, विकायचं न्हाई म्हणजे न्हाई.

पुसेगाव मागं पडलं तेव्हा मोतीबाईनं खिडकीची काच खाली करायला सांगितली आणि मग सबंध रस्ता ती बाहेर बघत राहिली, जणू प्रत्येक वळणावर कुणीतरी उभं असणार होतं.

देवळाच्या मागच्या गल्लीत गाडी जात नव्हती. हरिचंदनं तोंडावरून दुकान दाखवलं आणि तो तिथंच थांबला. दिपकही थांबला. मोतीबाई निघाली, आणि ती अडखळू नये म्हणून निलम दोन पावलं मागं चालत राहिली.

दुकानात चष्मा लावलेली एक बाई नारळांची शेंडी सोलत बसली होती. समोर सावली पडली तसं तिनं मान वर न करता विचारलं, नारळ देऊ का. मोतीबाई म्हणाली, नारळ न्हाई पायजे. घरात बोलतात त्या बंजारा बोलीत, गोरमाटीतच ती म्हणाली.

बाईचा हात थांबला. तिनं आधी समोरच्या पायांकडं पाहिलं, मग फेटियाच्या घेराकडं, मग दंडावरच्या बांगड्यांकडं, आणि सगळ्यात शेवटी तोंडाकडं. निलमला वाटलं आता काहीतरी होईल, कुणीतरी रडेल. सकरीनं हातातला नारळ पाटीत ठेवला, पदराला हात पुसले, आतून एक प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलं आणि मराठीत म्हणाली, “बस. ऊन लागलं असल.”

मोतीबाई बसली. दोघी एकमेकींकडं पाहत राहिल्या. एक गिऱ्हाईक आलं, सकरीनं त्याला फुलांचा पुडा दिला, ते गेलं. मोतीबाई गोरमाटीत विचारत होती आणि सकरी मराठीत उत्तर देत होती. लेक एक, हिंगोलीला दिलेली, तिला एक पोरगी. नवरा दोन वर्षांपूर्वी गेला, छातीत दुखायला लागलं आणि गेला, माणूस चांगला होता. मधेच सकरी गोरमाटीत बोलायला गेली आणि तिला शब्द सापडेना. तिनं डोळे मिटून तो शोधला. मोतीबाईनं सांगितला नाही, वाट पाहिली. मग सकरीला तो सापडला.

“भिया म्हणला, तू माझं नाव काढत न्हाई,” ती म्हणाली.

“तोंडानं न्हाई काढलं,” मोतीबाई म्हणाली. “भ्यायले मी. तुझ्या बापाला भ्यायले, तांड्याला भ्यायले. अजून काय सांगू.”

सकरीनं चष्मा काढला आणि पदरानं पुसला. बापूच्या दहाव्याला ती आली होती, तिनं सांगितलं. पुसेगावच्या थांब्यापर्यंत आली, रस्त्यापलीकडं भिया मुंडण केलेला दिसला, लोकांशी बोलत होता. ती दुसऱ्या बसनं परत गेली. घरी नवऱ्याला सांगितलं, भेटून आले.

मोतीबाईनं स्टूल जवळ ओढलं. तिनं पुढं वाकून लेकीचा हात धरला आणि उलटसुलट करून पाहिला, लेकराचा हात बघतात तसा. सकरीनं तो काढून घेतला नाही.

“मी हितं राहते,” मोतीबाई म्हणाली.

सकरीनं मागं वळून पाहिलं. दुकानाच्या मागं एकच खोली होती, पत्र्याची. ती म्हणाली की जागा नाही, खाट नाही, दुपारी पत्रा तापतो, आणि पहाटे पाचला दुकान उघडावं लागतं, काकड्याला माणसं येतात.

“मी चारलाच उठते,” मोतीबाई म्हणाली. “मला किती जागा लागती.”

सकरी निलमकडं पाहत राहिली. तू हरिचंदची का, तिनं विचारलं. निलमनं मान हलवली. मग सकरी उठली, आत गेली, आणि खोलीतला पसारा भिंतीला सरकवल्याचा आवाज बाहेर यायला लागला.

हरिचंद गल्लीतून चालत आला तेव्हा मोतीबाई दुकानातच बसली होती, पाटीतली फुलं निवडत होती. तो दुकानासमोर उभा राहिला. सकरी बाहेर आली. तिनं त्याला बस म्हटलं नाही, पाणी विचारलं नाही. याडीला गोळ्या कोणत्या चालू आहेत, एवढं विचारलं. बीपीची एक सकाळी, त्यानं सांगितलं, घरीच राहिली, उद्या आणून देतो.

“निलमला पाठव,” सकरी म्हणाली. “तू आठ दिवसांनी ये.”

तो काही बोलणार होता. सकरी तोवर गिऱ्हाइकाकडं वळली होती.

परतीला निलम पुढं बसली आणि हरिचंद मागं, आई जिथं बसून आली होती तिथं. काच खालीच होती. नरसी सुटली, दोन्ही बाजूंना हळदीची मोकळी रानं लागली.

“आज मंगळवार,” हरिचंद म्हणाला. “म्हणजे पुढचा मंगळवार.”

दिपक गाडी चालवत होता. तो व्हय म्हणाला.

बरंच अंतर गेल्यावर हरिचंदनं परत विचारलं, “आठ दिवसांनी म्हणजे मंगळवारच ना?”